लायका मोनोक्रोमच्या चार पिढ्या: चित्राचा दर्जा घरच्या घरी कसा ताडून पाहावा

फक्त कृष्णधवल टिपणारे डिजिटल कॅमेरे मोजकेच आहेत. त्यांच्या पिढ्या एकमेकींशी ताडून पाहायच्या तर लायकाची एम मालिका सर्वांत सोयीची. २०१२ चा पहिला एम मोनोक्रोम १८ मेगापिक्सेलचा, सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरवर चालणारा. २०१५ चा टाइप २४६ हा २४ मेगापिक्सेलचा, आणि इथून पुढे सगळे सीमॉस या नव्या प्रकारच्या सेन्सरचे. २०२० चा एम१० मोनोक्रोम ४० मेगापिक्सेलचा, २०२३ चा एम११ मोनोक्रोम ६० मेगापिक्सेलचा. चारही फुल फ्रेम, चौघांनाही तोच एम माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जोडणी. त्यामुळे एकच लेन्स चारही बॉडींवर चढवता येते आणि उरलेला फरक सेन्सरचाच आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांची जाळी नसते. रंगीत सेन्सरमध्ये ती जाळी निम्म्याहून अधिक प्रकाश खाते आणि शेजारच्या पिक्सेलांवरून रंगाचा अंदाज बांधावा लागतो. इथे दोन्ही भानगडी नाहीत, म्हणून साधारण एक स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फायदा होतो आणि बारीक तपशील कोरल्यासारखा येतो. हा फायदा चारही पिढ्यांना सारखाच मिळतो. पिढ्यांमधला फरक त्याच्या वरचा असतो, आणि लोक समजतात त्यापेक्षा तो बारीक असतो.

तुलना फसते ती बहुधा दोन ठिकाणी. आयएसओचा, म्हणजे संवेदनशीलतेचा, आकडा सारखा ठेवला म्हणजे एक्स्पोजर सारखे झाले असे गृहीत धरले जाते, आणि पडद्यावर १०० टक्के मोठे करून निकाल दिला जातो. पुढची सगळी खटपट या दोन चुका टाळण्यासाठीच आहे.

हाताशी ठेवायचे आकडे

पिक्सेलची रुंदी: पहिला मोनोक्रोम ६.८ मायक्रॉन, २४६ साधारण ६, एम१० मोनोक्रोम ४.६, एम११ मोनोक्रोम ३.८. चित्राची लांब बाजू याच क्रमाने ५२१२, ५९७६, ७८६४ आणि ९५२८ पिक्सेल. आयएसओ पहिल्याचा ३२० ते १०,०००, दुसऱ्याचा ३२० ते २५,०००, तिसऱ्याचा १६० ते १,००,०००, चौथ्याचा १२५ ते २,००,०००. पहिल्याला १६० मिळतो, पण तो ओढूनताणून दिलेला आहे. तुलनेत तो धरू नका.

साहित्य फार लागत नाही. ५० मिमीची एक चांगली लेन्स, जड ट्रायपॉड, १८ टक्के राखाडी कार्ड, २४ रंगांचा चार्ट, आणि फळीवर सपाट चिकटवलेले वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान. बारीक टाइप, जाडा-पातळ ठसा आणि कागदाचे तंतू एकाच ठिकाणी मिळतात म्हणून हे पान छापील चाचणी-तक्त्यापेक्षा जास्त काही सांगून जाते. पान सुरकुतलेले नको. फुगवटा आला की तो सेन्सरच्या माथी मारला जातो.

संगणकावर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधले मूळ आकडे दाखवणारे रॉडिगरसारखे सॉफ्टवेअर हवे आणि चारही फाइली उघडणारा एक रॉ कन्व्हर्टर. चौघांसाठी कन्व्हर्टर एकच हवा.

दिव्याकडे विशेष लक्ष द्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरातला एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. शटर १/१२५ ठेवले तर एका फ्रेममध्ये जास्त आणि दुसरीत कमी उजेड येतो, आणि तुम्ही तो कॅमेऱ्याचा फरक समजता. बॅटरीवर चालणारा एलईडी पॅनेल पूर्ण उजेडावर लावा. मंद केला तर तोही बहुधा लुकलुकू लागतो. खिडकीचा उजेड चालेल, पण पावसाळ्यात नाही. ढग पाच मिनिटांत अर्धा स्टॉप इकडचा तिकडे करतात.

आधी बॉडी निरोगी आहे का ते पाहा

पहिल्या मोनोक्रोमच्या बाबतीत ही पायरी वगळू नका. एम९ पिढीच्या सीसीडीवरच्या संरक्षक काचेला झीज लागते. लायकाने पुढे वेगळ्या काचेचे सेन्सर बसवून दिले, पण बाजारात येणारी प्रत्येक बॉडी बदललेलीच असेल असे नाही. सेन्सर बदलल्याचा कागद मागा आणि कागद असला तरी चाचणी घ्या: लेन्स एफ/१६ वर, फोकस अनंतावर, समोर निरभ्र आकाश किंवा जवळ धरलेला पांढरा कागद. फाइल उघडून कॉन्ट्रास्ट टोकापर्यंत वाढवा. धूळ असेल तर गडद ठिपका दिसतो आणि तो ब्लोअरने हलतो किंवा जातो. झिजेचा ठिपका जागचा हलत नाही आणि त्याभोवती बहुतेकदा फिकट कडे असते. कोकणासारख्या दमट हवेत कॅमेरा ठेवायचा असेल तर ही चाचणी दर सहा महिन्यांनी करावी.

दुसरी तपासणी रेंजफाइंडरची, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या यंत्रणेची. मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, एक मीटरवरून एफ/२ ला मधल्या आकड्यावर फोकस करा. धार त्या आकड्यावरच येते का ते बघा. दोन बॉडींची जुळणी क्वचितच तंतोतंत सारखी असते. ‘जुन्याची धार मऊ आहे’ अशा अनेक निष्कर्षांच्या मुळाशी सरकलेला रेंजफाइंडर निघतो.

खरी मेहनत एक्स्पोजरची

रंगीत कॅमेऱ्यात उजळ भाग जळला तरी तीनपैकी एखादा रंग बहुधा वाचलेला असतो आणि त्यावरून कन्व्हर्टर काहीतरी परत बांधतो. मोनोक्रोममध्ये एकच वाहिनी असते. ती भरली की तिथे पांढरा कागद उरतो, स्लायडर कितीही ओढा. म्हणून मधल्या राखाडीच्या वर किती स्टॉप जागा आहे हा या कॅमेऱ्यांचा सर्वांत उपयोगी आकडा, आणि तो प्रत्येक बॉडीवर स्वतः मोजावा लागतो.

१. पांढऱ्या कागदावर एकसारखा उजेड पाडा. फोकस मुद्दाम बिघडवा, म्हणजे कागदाचा पोत मोजमापात येणार नाही. एफ/५.६, आयएसओ ४००. स्वयंचलित आयएसओ बंद.

२. कॅमेऱ्यातली लेन्स-ओळख बंद करा. लेन्स ओळखून कोपरे उजळवण्याची क्रिया एका पिढीत वेगळी आणि दुसरीत वेगळी असू शकते. मोजमाप नेहमी फ्रेमच्या मधोमध घ्या.

३. मीटर सांगतो तो शटर-वेग शून्य धरा. एमच्या चकतीवर अर्ध्या स्टॉपचे टप्पे आहेत. तिथून शटर अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने हळू करत चार-पाच स्टॉप जास्त प्रकाशापर्यंत जा.

४. रॉडिगरमध्ये प्रत्येक फाइलच्या मध्यभागी १०० × १०० पिक्सेलचा चौकोन घेऊन सरासरी लिहून काढा. काळ्या पातळीचा (प्रकाश शून्य असतानाही फाइलमध्ये येणारा) आकडा त्यातून वजा करायला विसरू नका.

५. शटर दुप्पट वेळ उघडे ठेवले की सरासरीही दुप्पट व्हायला हवी. ज्या टप्प्यावर ती वाढायची थांबते तिथे सेन्सर भरला.

साधारण तीन स्टॉपच्या आसपास हा टप्पा येतो, पण दोन बॉडींत अर्ध्या स्टॉपचा फरक पडणे अगदी स्वाभाविक आहे. शून्यावरची सरासरी कमाल आकड्याच्या किती टक्के आहे तेही बघा. समजा एकीत ती १० टक्के निघाली आणि दुसरीत १४. म्हणजे ‘आयएसओ ४००’ या एकाच लेबलाखाली दोघींत जवळजवळ अर्ध्या स्टॉपचा फरक आहे. उत्पादक आयएसओ ठरवतात ते तयार जेपेगच्या उजळपणावरून, आणि त्यात त्यांना बरीच मोकळीक असते.

यातून नियम निघतो: नॉइजची तुलना करताना लेन्स, अॅपर्चर, शटर आणि दिवा सारखे ठेवा. आयएसओचा आकडा जो येईल तो येऊ द्या. सेन्सरवर पडलेला प्रकाश सारखा असेल तरच तुलनेला अर्थ आहे.

मोजलेला आकडा रोजच्या कामातही लागतो. जागा तीन स्टॉपची निघाली असेल तर चित्रातला सर्वांत महत्त्वाचा पांढरा भाग, मग तो ढग असो की धुवट सदरा, मीटरने मोजून अडीच स्टॉपवर ठेवा. पहिल्या मोनोक्रोमची एक चांगली गोष्ट म्हणजे तो रॉ फाइलचाच हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) दाखवतो. जेपेगवरून काढलेला हिस्टोग्राम कॉन्ट्रास्टच्या सेटिंगप्रमाणे बदलतो, म्हणून बाकीच्या बॉडींत कॉन्ट्रास्ट कमीत कमी ठेवावा.

जुन्या दोघांची एक अडचण या निमित्ताने लक्षात येते. भर उन्हात आयएसओ ३२० ला एफ/१६ वर १/३२० लागतो. तोच उजेड एफ/१.४ ला सात स्टॉपने जास्त, म्हणजे शटर हवे १/४०,०००, आणि चकती १/४००० ला संपते. लाल फिल्टर तीन स्टॉप खातो, तरी पूर्ण भागत नाही. नुसता प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर जवळ बाळगावाच लागतो. एम११ मोनोक्रोममध्ये आयएसओ १२५ आणि १/१६,००० चे इलेक्ट्रॉनिक शटर असल्याने तोच फोटो जेमतेम निभावतो. चित्राच्या दर्जाच्या चर्चेत हे कोणी मोजत नाही, पण जळलेला ढग हाही दर्जाचाच प्रश्न आहे.

धार आणि तपशील

वर्तमानपत्राचे पान तीन मीटरवर, सेन्सरला समांतर. समांतर आहे का ते पाहायला पानाच्या मध्याशी छोटा आरसा टेकवा. व्ह्यूफाइंडर लेन्सच्या बाजूला असतो, म्हणून लाइव्ह व्ह्यूमध्ये (सेन्सरला दिसणारे चित्र पडद्यावर), आणि तो नसेल तर फोटो काढून पाहत, आरशातले लेन्सचे प्रतिबिंब फ्रेमच्या मधोमध आणा. एफ/५.६, सेल्फ टायमर, सर्वांत कमी सामाईक आयएसओ.

पहिल्या मोनोक्रोमला लाइव्ह व्ह्यू नाही. त्यामुळे त्याच्यावर पाच फ्रेम घ्या: एक रेंजफाइंडर सांगतो तिथे, दोन फोकस-कडे केसभर पुढे सरकवून, दोन मागे. सर्वांत धारदार फ्रेमच तुलनेत घ्या. बाकीच्या बॉडींवर लाइव्ह व्ह्यूने मोठे करून, ज्या अॅपर्चरला फोटो काढायचा त्याच अॅपर्चरला फोकस करा. झाइसच्या ५० मिमी एफ/१.५ सी सोनारसारख्या लेन्सचा फोकस अॅपर्चर बंद करताना सरकतो. तशी लेन्स या कामाला घेऊच नका.

फाइली उघडल्यावर कन्व्हर्टरमधले शार्पनिंग शून्यावर आणा. लाइटरूम ते स्वतःहून लावून ठेवते आणि चार आकारांच्या फाइलींवर त्याचा परिणाम चार तऱ्हांचा होतो. नॉइज कमी करणे बंद, लेन्स प्रोफाइल बंद, टोन कर्व्ह (उजळ-गडद छटांची वक्ररेषा) सरळ.

मग १०० टक्क्यांचा मोह टाळा. १०० टक्क्यांवर ६० मेगापिक्सेलची फाइल १८ च्या तुलनेत लांबीला १.८३ पट मोठी दिसते, म्हणजे तुम्ही तिचे दोष जवळ जाऊन बघत असता. मोठी फाइल ५२१२ पिक्सेलवर आणा किंवा लहान फाइल ९५२८ वर न्या. दोन्ही करून पाहिलेले बरे. लहान करताना धार वाढवणारी पद्धत निवडू नका, साधी बायक्युबिक पुरे. एम११ मोनोक्रोममध्ये १८ मेगापिक्सेलची रॉ फाइल थेट मिळते, पण त्या लहान करण्यात कॅमेऱ्याचा हिशेब मिसळलेला असतो. तुलनेसाठी ६० चीच फाइल घ्या आणि स्वतः लहान करा.

लहान पिक्सेल हलणेही जास्त दाखवतात. हातात धरून १/६० ला पहिला मोनोक्रोम जी धार देतो, ती ३.८ मायक्रॉनवर हवी असेल तर शटर साधारण एक स्टॉप तरी वेगवान लागते. तीच गत अॅपर्चरची. एफ/८ ला विवर्तनाचा (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरण्याचा) ठिपका सुमारे ११ मायक्रॉनचा होतो, एफ/१६ ला सुमारे २१ चा. ६.८ मायक्रॉनच्या पिक्सेलला एफ/११ पर्यंत फारसे कळत नाही, एम११ मोनोक्रोमला एफ/८ पासूनच १०० टक्क्यांवर कळू लागते. एफ/१६ ला चारही कॅमेरे जवळपास एका रांगेत येतात. तिथे घेतलेली धारेची तुलना म्हणजे लेन्सच्या भोकाची तुलना.

उलट जुन्या, मोठ्या पिक्सेलांना मॉएरे, म्हणजे बारीक नक्षीवर उमटणारे खोटे पट्टे, जास्त छळते. रंगीत पट्टे उमटत नाहीत म्हणून ते नजरेतून सुटते, पण सदऱ्याच्या बारीक विणीवर, जाळीच्या खिडकीवर नागमोडी पट्टे येतात. कापडाचा एक तुकडा पानाशेजारी टांगून ठेवा.

नॉइज आणि सावल्या

पिढ्यांमधले अंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते इथे. दोन चाचण्या पुरतात.

पहिली आयएसओची: ४००, ८००, १६००, ३२००, ६४०० आणि १०,०००. हे आकडे चौघांतही मिळतात. राखाडी कार्डाच्या चौकोनात सरासरी आणि प्रमाण विचलन घ्या. काळी पातळी वजा केलेली सरासरी भागिले विचलन, हे संकेत आणि नॉइज यांचे गुणोत्तर. एकाच फ्रेमवर मोजले तर पिक्सेला-पिक्सेलातला कायमचा फरकही त्यात येतो. तो नको असेल तर एकसारख्या दोन फ्रेम एकमेकींतून वजा करा आणि फरकाच्या विचलनाला १.४१ ने भागा. शेवटी आकाराचा हिशेब करा: एम११ मोनोक्रोमचे गुणोत्तर १.८३ ने गुणले की ते पहिल्या मोनोक्रोमच्या आकाराला येते. एम१० मोनोक्रोमसाठी १.५१, २४६ साठी १.१५. हा गुणाकार केला नाही तर नव्या कॅमेऱ्यावर सुमारे पावणेदोन स्टॉपपर्यंत अन्याय होतो.

दुसरी चाचणी सावल्या उचलण्याची, आणि माझ्या मते एवढीच करायला वेळ असेल तर हीच करावी. आयएसओ ४०० ला बरोबर एक्स्पोजर घ्या, मग शटरने ३, ४ आणि ५ स्टॉप कमी करा. संगणकावर तेवढेच स्टॉप वाढवा आणि काळ्या रंगाचा भाग बघा. नुसते दाणे असतील तर घाबरण्यासारखे काही नाही, फिल्मचे दाणे आपण कौतुकाने बघतोच. आडवे-उभे पट्टे मात्र डोळ्याला लगेच खुपतात आणि छापल्यावर आणखी खुपतात. जुन्या दोन बॉडींत ते शोधा. २४६ ची रॉ फाइल १२ बिटची आहे, म्हणजे ४०९६ पायऱ्या, तर १४ बिटला १६,३८४. पाच स्टॉप उचलल्यावर खालच्या पायऱ्या मोजक्याच उरतात.

आता आयएसओ ४०० ला चार स्टॉप कमी घेऊन उचललेली फाइल आणि त्याच शटर-अॅपर्चरला थेट आयएसओ ६४०० ला घेतलेली फाइल शेजारी ठेवा. दोन्ही सारख्या दिसल्या तर त्या कॅमेऱ्यात आयएसओ वाढवून काही कमाई नाही. कमी आयएसओवर घ्या, रस्त्यावरचे दिवे वाचवा, सावल्या घरी उचला. थेट ६४०० स्पष्टपणे चांगली दिसली तर त्या बॉडीवर आयएसओ वाढवणेच योग्य. मोनोक्रोममध्ये उजळ भाग परत मिळत नाही, म्हणून या एका उत्तरावर तुमची रात्रीची सगळी पद्धत ठरते.

राखाडीच्या छटा आणि ‘सीसीडीची जादू’

पहिल्या मोनोक्रोमचे राखाडी रंग वेगळेच असतात असे ठामपणे सांगणारे बरेच आहेत. त्यात थोडे तथ्य आहे. सेन्सर बदलला, त्यावरची काच बदलली की निळ्या-लाल प्रकाशाला मिळणारा प्रतिसादही थोडा बदलतो. रंगांच्या चार्टचा फोटो एकदा उन्हात आणि एकदा पिवळ्या तंतूच्या बल्बखाली घ्या. राखाडी चौकोनाशी बाकीच्या प्रत्येक चौकोनाचे प्रमाण काढा. लाल आणि निळ्या चौकोनांत किती फरक पडतो ते आकड्यांत समोर येईल. बल्बखाली सगळ्याच कॅमेऱ्यांत लाल उजळतो, त्यामुळे चेहरे आणि ओठ फिके पडतात.

हीच मोजणी फिल्टर लावूनही करा. पिवळा साधारण एक स्टॉप, नारिंगी दोन, गडद लाल तीन स्टॉप खातो, पण नेमका आकडा बॉडीप्रमाणे हलतो. लाल फिल्टरखाली फोकसही किंचित सरकू शकतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये ते दिसते, पहिल्या मोनोक्रोमला मात्र ते टप्प्याटप्प्याने फ्रेम घेऊनच शोधावे लागते.

जादूचा उरलेला मोठा भाग एक्स्पोजर आणि टोन कर्व्ह यांतून येतो. खात्री करायची तर चारही फाइली एकाच आकाराला आणा, राखाडी कार्ड एकाच आकड्यावर जुळवा, काळा आणि पांढरा चौकोनही जुळवा, फाइलींची नावे दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्या आणि मग ओळखायला बसा. कमी आयएसओला आणि अशा जुळवलेल्या फाइलींत सीसीडी ओळखणे फार कठीण जाते.

शेवटचा निवाडा कागदावर

ए४ वर छापायचे तर ५२१२ पिक्सेल म्हणजे इंचाला जवळपास ४४६ बिंदू. एवढ्यावर डोळ्याला पुढचे काही दिसत नाही, चारही सारखे. ए२ वर पहिला मोनोक्रोम २२३ वर येतो, २४६ सुमारे २५५ वर, एम१० मोनोक्रोम ३३६ वर, एम११ मोनोक्रोम ४०७ वर. हाताच्या अंतरावरून, मॅट कागदावर पहिले दोघे आणि शेवटचे दोघे असे दोन गट पडतात. एम१० आणि एम११ मधला फरक बघायला नाक कागदाला लावावे लागते.

पैसे वाचवायचे असतील तर पूर्ण ए२ छापू नका. ए२ च्या मापाला मोठ्या केलेल्या चारही फाइलींतून तोच तुकडा, समजा १० × १४ सेंमीचा, कापून एका ए४ वर चारही मांडा. कोणता कोणाचा ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा. शार्पनिंग या टप्प्यावर, आणि प्रत्येक फाइलला तिच्या गरजेप्रमाणे द्या: १८ मेगापिक्सेलच्या मोठ्या केलेल्या फाइलला थोडी जास्त त्रिज्या लागते, ६० च्या फाइलला जवळपास काहीच लागत नाही. एक तुकडा उन्हातला, एक सावल्या चार स्टॉप उचललेला, एक आयएसओ ६४०० चा. हे तीन कागद खिडकीपाशी नेऊन बघितले की कोणत्या पिढीसाठी जास्त पैसे मोजायचे हे ठरवायला लागणारी बहुतेक माहिती हातात असते. तुम्ही ए३ च्या पुढे छापत नसाल आणि रात्री फारसे फिरत नसाल, तर निरोगी काचेचा जुना मोनोक्रोम घेऊन उरलेले पैसे लेन्सला घाला.